इंजिनाची तब्येत कशी आहे?

पेट्रोलपंपावरच्या हल्लीच्या गप्पा ऐकल्या तर वाटतं, या देशात सगळ्यांत नाजूक प्रकृती कोणाची असेल तर ती गाड्यांची. वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आलं आणि घराघरांत काळजी शिरली. ॲव्हरेज पडलं का? रबराचे पाइप टिकतील का? टाकी गंजेल का? वडिलांच्या जुन्या स्प्लेंडरचं काय होणार? ज्या गृहस्थाने गेल्या पाच वर्षांत स्वतःच्या रक्ताचा थेंबही तपासायला दिलेला नाही, तो फ्युएल पंप उघडून बघायला मेकॅनिकला बिनतक्रार पैसे देतो. प्रश्न चुकीचे आहेत असं नाही. हप्ते आपल्याच खिशातून जातात. पण पेट्रोलमध्ये काय मिसळावं हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे आणि या शंभर वर्षांत पहिला मान कायम एकाच प्रश्नाला मिळत आला: इंजिनाला सोसेल ना? माणसाला सोसेल का, असं विचारणारेही होते. त्यांना रांगेत मागे उभं केलं गेलं.

आणि आज आपण ज्या अल्कोहोलच्या, म्हणजे इथेनॉलच्या, नावाने बोटं मोडतोय, ते तेव्हाही स्पर्धेत होतं, बरं का.

अमेरिकेत १९२० च्या सुमाराला मोटारी वाढल्या आणि ‘नॉकिंग’ची कटकट सुरू झाली. सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच आपलं आपण भडकतं, आतून खडखड येते आणि ताकद जाते. चढावर टॉप गिअरमध्ये गाडी दामटणाऱ्याला हा आवाज ठाऊक असतो. ओहायो राज्यातल्या डेटन गावात जनरल मोटर्सची प्रयोगशाळा होती. साहेब चार्ल्स केटरिंग, हाताखाली थॉमस मिजली. या मिजलीने इंजिनाला काय काय पाजून पाहिलं! आयोडीन झालं, ॲनिलिन झालं, टेल्युरियम झालं. टेल्युरियमचा लसणासारखा दर्प अंगाला असा चिकटला की धुऊनही जाईना. अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलवर गाडी चालवून त्याने ती खडखड थांबते हेही दाखवलं. अल्कोहोलचा दोष एकच होता. ते मका, मळी, काहीही आंबवून कोणीही बनवू शकत होतं. त्याचं पेटंट मिळत नव्हतं, आणि जिथे पेटंट नाही तिथे संशोधनाचा उत्साह किती काळ टिकणार? आपल्या साखर कारखान्यांचे दोन-चार चेअरमन तेव्हा ओहायोत असते तर जगाचा इतिहास वेगळा झाला असता.

९ डिसेंबर १९२१ ला मिजलीला हवं ते सापडलं: टेट्राएथिल लेड. शिशाचं तेलकट द्रवरूप संयुग. एका गॅलनला चमचाभरही लागत नव्हतं, पेटंट मिळत होतं, खडखड बंद होत होती. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्याच एका पंपावर त्याची विक्री सुरू झाली. नाव ठेवलं ‘एथिल’. एखाद्या सुस्वभावी आत्याबाईंचं असावं असं. शिशाचा उल्लेख नावात नाही, जाहिरातीत नाही. त्याच वर्षाच्या सुरुवातीला खुद्द मिजली रजा टाकून फ्लोरिडाला हवापालटाला गेला होता. कारण? अंगात शिसं भिनलं होतं. म्हणजे शिसं विषारी असतं हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं, अशी पळवाट काढायची सोय नाही. शोध लावणाऱ्याला तर ते फुप्फुसापासून माहीत होतं.

ऑक्टोबर १९२४. न्यू जर्सीत स्टँडर्ड ऑइलच्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणारे कामगार भ्रमिष्टासारखे वागू लागले. कोणी किंचाळत सुटलं, कोणाला बांधून ठेवावं लागलं. पाच जण मेले, तीसहून जास्त आजारी पडले. ड्यू पॉन्टच्या डीपवॉटर कारखान्यातल्या एका इमारतीला कामगार आपसांत ‘फुलपाखरांचं घर’ म्हणत, कारण तिथे काम करणाऱ्यांना हवेत नसलेले किडे दिसायचे आणि ते हाताने झटकत बसायचे. बेवेच्या मृत्यूंबद्दल तिथल्या एका अधिकाऱ्याने पत्रकारांना सांगितलं, बहुधा अतिकामाने त्यांना वेड लागलं असावं. कामगाराला मारायचं आणि वर त्याला कामसूपणाचं प्रशस्तिपत्रही द्यायचं, याला मोठं मन लागतं.

गवगवा झाला तेव्हा मिजलीने पत्रकार परिषद बोलावली. सगळ्यांसमोर त्याने ते रसायन हातावर ओतून घेतलं, बाटली नाकाशी धरून मिनिटभर वास घेतला आणि रोज असं केलं तरी मला काही होणार नाही, असं सांगितलं. नदी शुद्ध झाली हे सिद्ध करायला कॅमेऱ्यासमोर ओंजळभर पाणी पिणारे पुढारी आपण पाहिलेत. त्यांचा हा मूळपुरुष.

मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला सरकारी परिषद भरली. एथिल कंपनीचे फ्रँक हॉवर्ड यांनी हे मिश्रण म्हणजे उघड उघड देवाची देणगी असल्याचं सांगितलं. समोरच्या बाजूला येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन होते, हार्वर्डच्या ॲलिस हॅमिल्टन होत्या. हॅमिल्टनबाईंची हयात शिशाने झिजलेल्या कामगारांमध्ये फिरण्यात गेली होती. दोघांचं म्हणणं साधं होतं. कारखान्यातले पाच मेले ते दिसले. उद्या हेच विष रस्त्यारस्त्यांवर थोडंथोडं सांडत राहील, ते कोणालाच दिसणार नाही, आणि सरकारला जाग येईपर्यंत उशीर झालेला असेल. मग काय, नेमली समिती. समितीने काही महिने घेतले, २५२ लोक तपासले आणि जानेवारी १९२६ मध्ये निर्वाळा दिला की बंदी घालण्याजोगं सबळ कारण आढळत नाही. मात्र वापर वाढल्यावर पुढेही अभ्यास चालू ठेवावा. तो अभ्यास सरकारने केलाच नाही. तो केला रॉबर्ट केहो नावाच्या डॉक्टरने, आणि त्याच्या प्रयोगशाळेचा खर्च उचलला तो शिसं विकणाऱ्यांनीच. जवळपास चाळीस वर्षं शिशाच्या बाबतीत जगाने ज्याचा शब्द प्रमाण मानला तो हा माणूस.

केहोसाहेबांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. शिसं निसर्गातच असतं, सगळ्यांच्याच अंगात असतं, शरीर ते बाहेर टाकतं. एका पातळीखाली धोका नाही आणि त्याहून जास्त धोका असेल तर दाखवा पुरावा. शिशाशी संबंध नसलेली माणसं म्हणून त्यांनी तुलनेला कोण घेतले, तर त्याच कारखान्यात दुसऱ्या कामावर असलेले. त्यांच्याही रक्तात शिसं निघालं. झालं, शिसं नैसर्गिक ठरलं! पुढे खात्री करायला ते मेक्सिकोतल्या खेड्यात गेले. तिथे मोटारी नव्हत्या, तरी शिसं होतं. तिथली माणसं शिशाची झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांत जेवत होती, ही गोष्ट साहेबांच्या सिद्धांतात बसत नव्हती.

आता या कथेतला माझा सगळ्यांत आवडता भाग. पेट्रोलमधलं शिसं जळलं की त्याचं ऑक्साइड होतं आणि ते व्हॉल्व्हवर, प्लगवर साचतं. पाहता पाहता इंजिन बसायची वेळ. इंजिनिअर मंडळी हादरली. हा प्रश्न मात्र समिती-बिमिती न नेमता तडक सोडवण्यात आला. पेट्रोलमध्ये ब्रोमीनचं आणि क्लोरीनचं एकेक संयुग घातलं. त्यांच्याशी शिशाची गाठ पडली की ते इंजिनात न साचता वाफ होऊन सायलेन्सरवाटे बाहेर पडतं. बाहेर म्हणजे कुठे? तर रस्त्यावर. सायलेन्सरचं तोंड कुठल्या उंचीवर असतं बघा, आणि दोन वर्षांच्या पोराचं नाक कुठे असतं तेही बघा. इंजिनाच्या पोटात शिशाचा कण राहू नये म्हणून खास औषध शोधलं गेलं. पोराच्या पोटातून ते काढायचं औषध कोणी पेट्रोलमध्ये घातलं नाही.

शिसं अंगात काय करतं? ते कॅल्शियमचं सोंग घेतं. शरीराला खरं-खोटं कळत नाही. कॅल्शियम जिथे जिथे हवं, तिथे तिथे शिसं मानाने आत घेतलं जातं: हाडांत, दातांत, मेंदूत. रक्तातला त्याचा मुक्काम महिनाभराचा, हाडातला दशकांचा. बाई गरोदर राहिली की बाळासाठी हाडांतून कॅल्शियम सुटतं, त्याच्यासोबत तिच्या लहानपणी साचलेलं शिसंही सुटतं. म्हणजे आजी ज्या नाक्यावर बसची वाट बघत उभी राहायची, त्या नाक्यावरची हवा नातवापर्यंत पोचायची सोय आहे. लहान मुलांत बुद्धीची वाढ खुंटते, लक्ष लागत नाही, डोकं लवकर फिरतं. मोठ्यांत रक्तदाब चढतो, मूत्रपिंडं आणि हृदय झिजतं. आणि यातलं काहीच शिशाचं नाव लावून येत नाही. ‘पोरगं मठ्ठ आहे’ असं म्हणून मास्तर मोकळे, ‘टेन्शन घेता तुम्ही’ म्हणून डॉक्टर मोकळे.

केहोंचा हा संसार मोडला एका भूगर्भशास्त्रज्ञाने, आणि तोही दुसरंच काहीतरी मोजायला निघाला होता. क्लेअर पॅटरसन यांना पृथ्वीचं वय काढायचं होतं. उल्केच्या तुकड्यातल्या शिशावरून ते निघतं. पण प्रत्येक वेळी आकडे भलतेच येत. कपड्यावर शिसं, केसांत शिसं, प्रयोगशाळेच्या धुळीत शिसं. शेवटी त्यांनी कॅलिफोर्नियात सोवळ्याच्याही वरताण अशी खोली बांधून काढली, आणि १९५६ मध्ये पृथ्वीचं वय जाहीर केलं: ४५५ कोटी वर्षं. दुसरा कोणी शाली-नारळ घेत हिंडला असता. हे गृहस्थ विचार करत बसले की हे एवढं शिसं आलं कुठून. समुद्राचं पाणी तपासलं, ग्रीनलंडचा बर्फ तपासला. खोल पाण्यापेक्षा वरच्या पाण्यात शिसं जास्त, जुन्या बर्फापेक्षा नव्या बर्फात जास्त. १९६५ मध्ये त्यांनी लिहिलं की आजच्या माणसाच्या अंगातलं शिसं नैसर्गिक पातळीच्या शंभरपट आहे. त्यानंतर त्यांची काही संशोधन-कंत्राटं गेली, आणि १९७१ मध्ये हवेतल्या शिशावर राष्ट्रीय पातळीचं अभ्यासमंडळ बसलं तेव्हा त्यात नेमकं त्यांनाच घेतलं नाही. समिती नेमण्याची कला सार्वत्रिक आहे.

हर्बर्ट नीडलमन यांनी पोरांचे दुधाचे दात गोळा केले. आपल्याकडे पडलेला दात कौलावर फेकतात. बॉस्टनजवळच्या शाळांतल्या पोरांनी तो नीडलमनांना दिला. दातात शिसं जास्त तिथे बुद्ध्यंक कमी आणि वर्गात चुळबुळ जास्त, हे त्यांनी १९७९ मध्ये दाखवलं. बक्षीस म्हणून पुढे त्यांच्यावर संशोधनात लबाडी केल्याचा आरोप झाला, चौकशी लागली आणि ते निर्दोष सुटले. या दरम्यान अमेरिकेत मुलांच्या रक्तातल्या शिशाची ‘काळजीची पातळी’ कशी घसरत गेली ते पाहा. एका डेसिलिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये: आधी ६०, मग ४०, मग ३०, १९८५ ला २५, १९९१ ला १०, २०१२ ला ५, २०२१ ला साडेतीन. दर वेळी नव्या आकड्याच्या वरची पोरं, जी काल ‘सुरक्षित’ होती, रातोरात आजारी ठरली. सुरक्षित अशी पातळीच नाही, असं आता जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२२ मधल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला की १९४० पासून शिसेयुक्त पेट्रोलने अमेरिकनांच्या बुद्ध्यंकातून मिळून ८२ कोटींहून जास्त गुण खाल्ले. उरलेल्या बुद्धीचं काय चाललंय ते आपण रोज बातम्यांत पाहतो.

मग शिसं गेलं कसं? पॅटरसनमुळे? दातांमुळे? थोडंफार. पण खरा धक्का दिला तो पुन्हा गाडीच्याच एका भागाने. धुरावर बंधनं आली, १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकी गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागला. आत प्लॅटिनमसारख्या महागड्या धातूंचा मुलामा. शिशाची वाफ त्यावर बसली की तो कायमचा निकामी. बघा हं, पन्नास वर्षं पोरांच्या मेंदूला बाधलेलं शिसं ‘पुराव्याअभावी’ निर्दोष होतं. प्लॅटिनमला बाधलं आणि लगेच पंपावर बिनशिशाचं पेट्रोल आलं! आणि ते आल्याबरोबर, १९७६ ते १९८० एवढ्या काळात, अमेरिकी जनतेच्या रक्तातलं सरासरी शिसं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरलं. इतके दिवस मागितलेला पुरावा तो हाच. मिळाला, पण उपाय केल्यावर.

आपल्याकडची पायवाट वेगळी नाही. १९९४ पर्यंत आपल्या साध्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं चालत होतं. त्या वर्षी चार महानगरांत ते ०.१५ वर आणलं. १ एप्रिल १९९५ पासून त्याच चार महानगरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि म्हणून, पुन्हा म्हणून, पंपावर ‘अनलेडेड’ आलं. वकील एम. सी. मेहतांच्या याचिका आणि सर्वोच्च न्यायालयाचा रेटा नसता तर तेही किती लांबलं असतं कोण जाणे. देशभर शिसं बंद झालं १ फेब्रुवारी २००० ला. डेटनच्या पंपानंतर बरोबर ७७ वर्षांनी.

त्या काळात ज्यांनी गॅरेज पाहिलंय त्यांना आठवेल. पत्र्याच्या डब्यात पेट्रोल ओतलेलं, त्यात कार्ब्युरेटरचे सुटे भाग, आणि बारा-तेरा वर्षांचा ‘छोटू’ कोपरापर्यंत हात बुडवून ब्रशने ते घासतोय. बजाज चेतक आडवी करायची, टाकीत नळी घालायची, तोंडाने ओढायची; पेट्रोल तोंडात आलं की थुंकायचं आणि नळी बाटलीत सोडायची. त्यावर हसायचं. टेट्राएथिल लेड कातडीतून थेट आत शिरतं, हे त्या छोटूला कोण सांगणार? तेव्हा चर्चा दुसरीच होती: बिनशिशाच्या पेट्रोलने जुन्या गाडीच्या व्हॉल्व्हच्या सीट झिजतात म्हणे! शिसं गेलं तर इंजिनाचं कसं होणार, या चिंतेने घरोघरी लोक हवालदिल. दादरच्या पुलाखाली राहणाऱ्या पोरांच्या हाडांची सीट कितपत झिजली, हे कोणी कोणाला विचारलं नाही.

विचारलं तेव्हा उत्तर असं आलं. १९९७ च्या पाहणीत मुंबईतल्या बारा वर्षांखालच्या, रक्त तपासलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्क्यांमध्ये शिसं तेव्हाच्या धोक्याच्या पातळीच्या, म्हणजे १० मायक्रोग्रॅमच्या वर. पेट्रोलमधलं शिसं गेल्यावर, २००२ मध्ये ७५४ मुलं तपासली; प्रमाण ३३.२ टक्के. एका सरकारी आदेशाने शहरातल्या पोरांचं रक्त एवढं उतरलं. इतकं स्वस्त आणि इतकं जालीम औषध सार्वजनिक आरोग्याच्या दप्तरात दुसरं क्वचितच सापडेल. आणि तरीही तिसरा हिस्सा उरलाच. कारण शिसं जळत नाही, कुजत नाही, वाहून गेलं तर दुसरीकडे जाऊन बसतं. ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोल बंद होऊन वीस वर्षं लोटल्यावर संशोधकांना लंडनच्या हवेतल्या शिशापैकी ४० टक्क्यांपर्यंत शिसं त्या जुन्या पेट्रोलचं सापडलं. धूळ उडते, बसते, पुन्हा उडते. आपल्याकडे भर घालायला जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या भट्ट्या आहेत, रंग आहेत. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिसं ५ मायक्रोग्रॅमच्या वर आहे. या आकड्यावर एकदाही टीव्हीवर आरडाओरड झालेली मी पाहिली नाही. मुलांना शोरूम नसतं ना.

शिसं विकणाऱ्यांनी काय केलं? श्रीमंत देशांत दुकान बंद झालं की माणूस खेड्याच्या बाजारात पाल ठोकतो, तेच. ब्रिटनमधल्या एलेस्मीअर पोर्टच्या कारखान्यात हे रसायन बनत राहिलं आणि गरीब देशांत जात राहिलं. कंपनीचं आधीचं नाव ऑक्टेल, नंतर इनोस्पेक. इंडोनेशियात आणि इराकमध्ये अधिकाऱ्यांचे हात ओले करून माल खपवल्याची कबुली या कंपनीने २०१० मध्ये अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या न्यायालयात दिली. त्यातला इराकचा किस्सा तर वगनाट्यात शोभावा असा. तिथे शिशाला पर्याय म्हणून मँगेनीजचं मिश्रण चाचणीला आलं होतं. इनोस्पेकने तेलमंत्रालयातल्या लोकांना पैसे चारले, कशासाठी, तर त्या चाचणीत मँगेनीज नापास व्हावं म्हणून. हे मँगेनीज विकणारी कंपनी कोणाची वारस? त्याच जुन्या एथिलची. भाऊबंदकी मराठी माणसालाच जमते असा आपला उगाच गैरसमज आहे.

तर हे मँगेनीज. त्याच्या मिश्रणाला एमएमटी म्हणतात. मँगेनीज शिशासारखं परकं नाही. ते अन्नातून लागतं, जास्त झालं तर यकृत बाहेर काढतं. पण श्वासातून गेलं की यकृताचा जकातनाका चुकवून थेट रक्तात आणि तिथून मेंदूत पोचतं. ग्लासगोच्या डॉ. जॉन कूपर यांनी १८३७ मध्ये मँगेनीजची भुकटी दळणाऱ्या कामगारांचं वर्णन केलं: पाय लटपटतात, बोलणं अडखळतं, चेहरा कोरा होतो. कंपवातासारखंच. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांत मँगेनीजच्या खाणी आहेत, त्यामुळे विदर्भाला हा धातू काही पुस्तकातला नाही. पेट्रोलमधून हवेत जाणारं मँगेनीज खाणीतल्या धुळीपुढे अगदी किरकोळ आणि त्याने सामान्य माणसाला अपाय झाल्याचं सिद्ध नाही, असं कंपनी सांगते. ते खोटं नाही. अडचण एवढीच की १९२६ च्या समितीचंही वाक्य हेच होतं.

कॅनडाने १९९७ मध्ये एमएमटीची आयात रोखली. पुढाकार कोणाचा? डॉक्टरांचा कमी, मोटारकंपन्यांचा जास्त. त्यांच्या नव्या गाड्यांतली धूर तपासणारी यंत्रणा या धातूच्या थराने बिघडते, अशी तक्रार होती. पुन्हा तेच! एथिलने व्यापार कराराचा आधार घेऊन कॅनडा सरकारवरच २५ कोटी डॉलरचा दावा ठोकला. पुढच्याच वर्षी सरकारने बंदी मागे घेतली, सुमारे १ कोटी ३० लाख अमेरिकी डॉलर मोजले आणि अपायाचा पुरावा नसल्याचं लिहूनही दिलं. आपल्या हवेत काय नको हे ठरवायचं, तर दंड भरायची तयारी ठेवून.

आपल्याकडे महागड्या बाइकवाल्या पोरांना ‘ऑक्टेन बूस्टर’च्या छोट्या बाटल्यांचं भारी वेड. अशा बऱ्याच बाटल्यांत एमएमटीच असतं. काही टाक्या संपल्यावर प्लग काढून बघा. टोकाचं पांढरं चिनी मातीचं नळकांडं विटकरी रंगाचं झालेलं दिसेल. हे प्लगवर बसलेलं. जे बसलं नाही, ते मागून येणाऱ्या स्कूटीवाल्या मावशींच्या वाट्याला गेलं.

जुलै २०२१ मध्ये अल्जीरियाच्या पंपांवरचा शेवटचा साठा संपला. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा जगातला तो शेवटचा देश. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने ३० ऑगस्टला युग संपल्याचं जाहीर केलं: वर्षाला बारा लाखांहून जास्त अकाली मृत्यू टळणार म्हणे.

आणि सप्टेंबर २०२२ मध्ये, म्हणजे श्राद्धाला जेमतेम वर्ष होतं न होतं तोच, आपल्या इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवलेलं नवं इंधन समारंभपूर्वक बाजारात आणलं: ॲव्हगॅस १०० एलएल. छोट्या, पिस्टन इंजिनाच्या विमानांचं पेट्रोल. आधी सगळं आयात व्हायचं, आता स्वदेशी. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या न्हावाशेवा बंदरातून त्याची पहिली ८० पिंपं पापुआ न्यू गिनीला रवाना झाली, मंत्र्यांनी अभिनंदन केलं. एलएल म्हणजे ‘लो लेड’, कमी शिशाचं. या प्रकारच्या इंधनात शिशाची कमाल मर्यादा किती? लिटरला ०.५६ ग्रॅम. वर मागे जाऊन बघायचे कष्ट घेऊ नका, मीच सांगतो: १९९४ पूर्वी आपल्या पंपावर जे मिळायचं, त्याच्याएवढंच.

माझ्यावर लगेच देशद्रोहाचा शिक्का मारू नका. स्वस्तात वैमानिक घडावेत हे मलाही हवंय, आणि या विमानांना अजून सर्वत्र सोयीचा पर्याय नाही हेही खरं. खप मोटारींच्या पेट्रोलपुढे थेंबभर आहे. सगळी शिकाऊ विमानं हे पीत नाहीत. काहींची इंजिनं जेट इंधनावर चालतात. पण शिकाऊ विमान मुंबईहून दिल्लीला जात नाही. ते उडतं, गावावर घिरटी घालतं, उतरतं, पुन्हा उडतं. दिवसभर, त्याच शेतांवर, त्याच शाळेवर. कॅलिफोर्नियातल्या रीड-हिलव्ह्यू नावाच्या अशाच छोट्या विमानतळाच्या अर्ध्या मैलाच्या आतल्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त असल्याचं २०२१ मध्ये दिसलं, आणि तिथल्या प्रशासनाने १ जानेवारी २०२२ पासून तिथली शिसेयुक्त इंधनाची विक्री थांबवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकी पर्यावरण खात्याने असं शिसं लोकांच्या आरोग्याला धोका आहे, असं अधिकृतपणे मान्य केलं. तिथेही उशीर झालाच.

बारामतीला वैमानिक घडतात. राज्यात आणखीही धावपट्ट्यांवर घडतात, पुढे आणखी घडतील. माझी मागणी छोटी आहे. जिथे जिथे ॲव्हगॅसवरची विमानं रोज घिरट्या घालतात, तिथल्या धावपट्टीपासून दोन किलोमीटरच्या आतल्या अंगणवाड्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळा मोजाव्यात, मुलांच्या रक्तातलं शिसं तपासावं, आकडे गावच्या फलकावर लावावेत. ही तपासणी अवघड नाही, एका नळीभर रक्तावर होते. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी ते मनावर घ्यावं. त्यांनी नाही घेतलं, तर येत्या ग्रामसभेत ठराव मांडा आणि त्याची प्रत विमानशाळेलाही पाठवा.